मेजरचं दुकान

सातारा जिल्ह्यात फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला लोक मेजर म्हणतात. माझे थोरले मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण कोरेगावात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. दुकानाच्या पाटीवर रीतसर नाव रंगवलेलं होतं, तरी एसटी स्टँडवरच्या हमालापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ते ‘मेजरचं दुकान’ म्हणूनच ठाऊक. विहिरीवरच्या मोटरी भरून द्यायचं दुकान. जळालेली मोटर बैलगाडीतून, पुढे टेम्पोतून यायची आणि आत नवी तार घालून परत जायची.

मामा गेले तेव्हा शोकसभा झाली. माजी सैनिक निळे ब्लेझर आणि पदकं लावून आले होते. भाषणं चांगली झाली, मनापासून झाली. पण प्रत्येक भाषण १९७१ ला सुरू व्हायचं आणि १९७१ लाच संपायचं. मामांच्या वाट्याला ती लढाई जेमतेम दोन आठवडे आली. फौज १५ वर्षं. दुकान त्यांनी जवळजवळ ४० वर्षं चालवलं आणि त्या ४० वर्षांवर एकही वाक्य कुणी बोललं नाही. ज्यांच्या मोटरी त्यांनी भरल्या ते शेतकरी मागे उभे होते. त्यांना कुणी माइकपाशी बोलावलं नाही.

आमच्या भागात हे जुनंच आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे आणि ते असायलाच हवं. पण जे परत आले, त्यांनी पुढे काय केलं, कसं पोट भरलं, कोणत्या वयात काय शिकले, हे कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. मामांपुरतं तरी ते राहू नये म्हणून लिहितोय.

लढाईचंही सांगायला हवंच, नाहीतर दुकान कळणार नाही.

चीनच्या लढाईनंतर भरती वाढली, तेव्हा १९६३ मध्ये मामा अठराव्या वर्षी भरती झाले. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये रंगरूट म्हणून गेले आणि तिथून पहिल्या मराठा बटालियनमध्ये. ही जंगी पलटण. १७६८ साली उभी राहिलेली. मामा तिच्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. त्यांना सिग्नल प्लाटूनमध्ये घेतलं आणि लाइनमनचं काम दिलं. कंपन्यांपासून पलटणीच्या मुख्यालयापर्यंत फील्ड टेलिफोनची तार टाकायची, ती चालू ठेवायची.

डिसेंबर १९७१ मध्ये पलटण पूर्व पाकिस्तानात शिरली. कमालपूरची चौकी ४ तारखेला पडली, मग बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रेचं जुनं पात्र. पलीकडे जमालपूर आणि त्यात ३१ बलूच ही पाकिस्तानी पलटण. आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी ९ डिसेंबरला त्यांना शरण येण्याविषयी पत्र धाडलं. एका स्थानिक बंगाली माणसाने ते पोचवलं. उत्तर आलं त्यात कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी होती आणि लेखणीपेक्षा स्टेनगन हातात घेऊन भेटा, अशा अर्थाचा मजकूर. हा किस्सा आता पुष्कळांना माहीत आहे. मामांना तो पलटणीत मागाहून कळला. कारण त्या वेळी लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखालची जंगी पलटण नदी ओलांडून जमालपूरच्या मागे, टांगाइलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ठाण मांडून बसली होती. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री बलूच पलटण गाव सोडून त्याच रस्त्याने बाहेर पडायला निघाली आणि मराठ्यांच्या तोंडी आली. सकाळी जमालपूर पडलं.

त्या रात्रीचं मामांनी मला एकच सांगितलं, तेही मी कॉलेजात असताना, दुकानात, हातातलं काम न थांबवता.

“गोळाबारीत लाइन तुटली. तार हातात धरायची आणि चालत सुटायचं. टॉर्च लावायची न्हाई. तार मुठीतनं सरकत ऱ्हाती, आन् एका जागी मूठ मोकळी हुती. तिथं तुटलीय. मग दुसरं टोक शोधायचं. ते लांब उडालेलं असतं. चिखलात, गवतात. गुडघ्यावर बसून हातानं चाचपायचं.”

“सापडलं?”

“सापडलं की. न्हाईतर हितं बसलो असतो व्हय?”

त्यापुढे काही नाही. डावा कान त्या रात्रीपासून मंद झाला, हे मला मामीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी पुंगलीच्या पुलापाशी त्यांची गाठ दुसऱ्या पॅरा बटालियनशी पडली. ती आदल्या दिवशी टांगाइलजवळ छत्रीने उतरली होती. ही पलटणही मूळची तिसरी मराठा. परक्या मुलखात, रात्रीच्या अंधारात समोरून मराठी ऐकू आलं तेव्हा कसं वाटलं असेल, हे मी पुष्कळदा मनात आणून पाहिलं आहे. मामांना विचारलं तर म्हणाले, “त्यांच्याकडं बिड्या हुत्या.” १६ डिसेंबरला ढाका. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही त्या लढाईची पदकं घरी एका डब्यात होती, मामीच्या सुईदोऱ्याच्या शेजारी.

शोकसभेत हे सगळं आलं. जे आलं नाही ते इथून पुढचं.

१९७२ च्या उन्हाळ्यात मामा सुट्टीवर आले. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना काही सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की लागोपाठ पाऊस चुकला होता, विहिरींना तळ दिसत होता, रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा आणि दुष्काळी कामांवर सुकडी नावाचा कोरडा पौष्टिक खाऊ वाटायचे. मामा स्टेशनवर उतरले, ट्रंक डोक्यावर घेऊन गावाकडे निघाले. वाटेत रस्त्याचं काम चाललं होतं. पंधरावीस बायका ओळीने बसून खडी फोडत होत्या. मामा पुढे गेले. मग मागून कुणीतरी हसल्याचा आवाज आला आणि ते वळले. त्या ओळीत मामी होती. डोक्याला फडकं, तोंडावर पांढरी धूळ, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तिने त्यांना लांबूनच ओळखलं होतं. बाकीच्या बायकांनीही ओळखलं होतं, आणि नवरा आपल्या बायकोला न ओळखता पुढे गेला म्हणून त्या हसत होत्या.

हे मामी हसत हसत सांगायची. मामांनी हे कधीच सांगितलं नाही. पण मामी सांगत असली की ते उठून बाहेर जायचे.

मनीऑर्डर येत होती, पण त्या वर्षी घरात माणसं दहा, आणि विहीर आटलेली. विहीर खोल केली तर पाणी लागेल असं जाणती माणसं म्हणत होती आणि मामांनी त्याच सुट्टीत भावांबरोबर विहिरीत उतरून सुरुंगाची भोकं पाडली. पुढच्या काही वर्षांत तालुक्यात सगळीकडे हेच झालं. विहिरी खोल गेल्या. मोटा गेल्या, कारण तेवढ्या खोलीवरून बैल पाणी ओढू शकत नाहीत. तेल्या इंजिनं आली आणि वीज पोचेल तिथे मोटरी. पाणी विजेवर आलं आणि वीज तर अशी, की मोटरी जळायला लागल्या.

१९७८ मध्ये १५ वर्षं भरली, तेव्हा पेन्शन बसली आणि मामा घरी आले. वय ३३. एवढं बोलताना आपण थांबत नाही, पण थांबायला हवं. तेहतिसाव्या वर्षी इतर लोकांचं आयुष्य नुकतं मार्गी लागत असतं. शिपायाला त्या वयात ‘माजी’ म्हणतात. मुलं लहान, पेन्शन तुटपुंजी, हातात असलेलं कसब बाजारात कुणाला नको. त्यांच्या बरोबरीचे बहुतेकजण बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले किंवा साखर कारखान्यावर वॉचमन झाले. त्यात कमीपणा काही नाही. त्या माणसांनीही घरं उभी केली, पोरं शिकवली. पण देशाने ज्याला रात्री तार शोधायला शिकवलं, त्याला पुढे तीस वर्षं एका स्टुलावर बसवून ठेवायचं, याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही.

मामा साताऱ्यात एका वायंडिंगच्या दुकानात शिकायला राहिले. दुकानाचा मालक पंचविशीतला पोरगा. हवालदार म्हणून ज्यांच्या शब्दावर माणसं उठत-बसत होती ते त्याच्यासाठी चहा आणायचे, जळक्या मोटरी फोडायचे, हात काळे करायचे. त्याला “शेठ” म्हणायचे. दोन वर्षं. मग प्रॉव्हिडंट फंडातून आलेले पैसे आणि एका बँकेचं कर्ज यांतून कोरेगावात गाळा घेतला. ते कर्ज मिळायला माजी सैनिक असल्याचा काही उपयोग झाला नाही. उलट एका साहेबाने कागदावर कागद मागून त्यांना वर्षभर खेटे घालायला लावले. मामा प्रत्येक वेळी इस्त्रीचे कपडे घालून जायचे आणि प्रत्येक वेळी मागितलेला कागद घेऊन परत यायचे. शेवटी मागायला कागदच उरला नाही.

मी सुट्टीत जायचो तेव्हा दुकानातच असायचो. मोटर भरायची कशी ते मला आजही डोळे मिटून सांगता येईल. आधी जळालेल्या वार्निशचा वास, जो कपड्यांतून दोन दिवस जात नाही. छिन्नीने वेटोळ्यांची एक बाजू कापायची आणि दुसरीकडून तार उपसून काढायची. पण उपसताना मोजायची. किती आटे, म्हणजे वेढे, होते, तार कुठल्या गेजची, म्हणजे जाडीची, वेटोळं कितव्या खाचेतून निघून कितव्या खाचेत गेलंय. हे सगळं वहीत लिहायचं आणि मगच तार टाकायची. मग खाचा साफ करून त्यात इन्सुलेशनचा कागद. लाकडी फर्म्यावर नवी तांब्याची तार गुंडाळून वेटोळी करायची. ती खाचांत बसवणं हे खरं काम. एकेक पदर बांबूच्या चपट्या पट्टीने आत सरकवायचा. नख लागून तारेवरचा मुलामा खरवडला गेला तर मोटर आज चालेल आणि महिन्याभरात जळेल, आणि दोष कुणाचा ते कुणालाच कळणार नाही.

मामांना कळायचं. सगळी वेटोळी बसली की ते डोळे मिटून बोटं फिरवायचे. डावा कान गेलेला, म्हणून मान उजवीकडे कलती. एखाद्या जागी बोट थांबायचं. पुन्हा मागे यायचं. मग ते ते वेटोळं बाहेर काढायचे, अर्ध्या तासाचं काम फुकट गेलं तरी. मदतनीस पोरं कुरकुरायची. मामा म्हणायचे, “त्यो मोटार काढायला पुन्हा इहिरीत उतरणार. तू उतरणार हायेस का?”

जळालेली तार तांब्याची, म्हणजे तिला किंमत. पुष्कळ ठिकाणी ती दुकानदाराच्या पोत्यात जाते आणि शेतकऱ्याला कुणी सांगतही नाही. मामा ती गिऱ्हाइकासमोर तागडीत घालायचे. वजन वहीत लिहायचे, त्या दिवसाच्या भावाने बिलातून वजा करायचे. मला यात त्यांच्या साऱ्या व्यवहाराचं सार दिसतं. देवाणघेवाण उघड्यावर व्हायला हवी, समोरच्याला वाचता येत नसलं तरी, किंबहुना वाचता येत नसेल तर जास्तच.

उधारीत मात्र ते कडक होते आणि हे सांगितलं नाही तर चित्र खोटं होईल. आमच्याकडे ऊस. कारखान्याची पहिली उचल हाती येईपर्यंत शेतकऱ्याकडे रोकड नसते, म्हणून मार्चमध्ये भरलेल्या मोटरीचे पैसे थंडीत मिळायचे. तोवर मामा थांबायचे, व्याज लावायचे नाहीत, कुणाच्या दारात जायचे नाहीत. पण उसाचं बिल जमा झाल्यावरही जो आला नाही, त्याची पुढची मोटर दुकानात घ्यायचे नाहीत. सख्खा साडू असला तरी. त्यावरून एका लग्नात मोठं भांडण झालं आणि दोन घरांचं येणं-जाणं काही वर्षं बंद होतं. मामी मामांवर चिडली होती. मामा म्हणाले, तांब्याचे पैसे मला पुण्याच्या व्यापाऱ्याला तीस दिवसांत द्यायचे असतात, साडूला एक आणि बाकीच्यांना एक असा हिशोब मी लावला तर उद्या कुठल्या तोंडाने मागू? त्या वेळी मला ते कठोर वाटलं होतं. आज दुकानं उधारीत बुडालेली पाहतो तेव्हा वाटतं, ते दुकान ४० वर्षं उघडं राहिलं ते याच्यामुळेही.

उन्हाळ्यात दुकानाला रात्र नसायची. फेब्रुवारीपासून मेपर्यंत. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट खेचते, तापते, मुलामा जळतो आणि तार तारेला चिकटते. थ्री फेजमधला एक फेज गेला तर लोक कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवायचे, मग ती लवकर जळायची. ते चूक आहे हे शेतकऱ्यालाही माहीत असायचं. पण आल्याचा वाफा वाळत असताना बरोबर काय नि चूक काय. पुढे भारनियमन आलं, शेतीला वीज रात्रीची मिळू लागली आणि लोक ऑटो स्विच लावून झोपू लागले. वीज आली की मोटर आपोआप चालू, विहिरीत पाणी नसलं तरी. सकाळी सहाला दुकानासमोर टेम्पो उभे. मामा त्यांच्या आधी आलेले. पहाटे चारला उठायची सवय फौजेने लावली आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. दाढी केलेली, शर्ट खोचलेला, आणि बुटांना पॉलिश. वार्निशच्या दुकानात पॉलिश केलेले बूट. लोकांना नवल वाटायचं. मला कधी वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर थेंब सांडलेले असायचे आणि दुसऱ्या सकाळी ते पुन्हा लखलखीत.

निम्मं काम मामीचं होतं, हे मी ठामपणे लिहितो, कारण ते कुणाच्याच तोंडून येत नाही. दुपारची भाकरी घेऊन ती दुकानात यायची आणि संध्याकाळपर्यंत बसायची. वेटोळ्यांची टोकं दोऱ्याने आवळून बांधायचं काम तिचं. तेच हात, ज्यांनी ७२ साली खडी फोडली. तिची गाठ कधी सुटली नाही. बाई दुकानात बसते म्हणून सुरुवातीला बोलणारे होते. मग त्यांच्याच मोटरी यायला लागल्या आणि बोलणं थांबलं. पंधरा वर्षं ती नवऱ्याशिवाय राहिली होती. पुढची ४० वर्षं ती त्याच्या समोरच्या पाटावर बसली. लढाईच्या दिवसांत पोस्टमन दिसला की ती गोठ्यात जाऊन उभी राहायची, तार आली असेल म्हणून. हेही शोकसभेत यायला हवं होतं.

मामांच्या हाताखाली शिकलेली पोरं आज साताऱ्यापासून फलटणपर्यंत दुकानं चालवतात. दोघांना त्यांनी स्वतः गाळा बघून दिला. एकाला तर अगदी समोरच्या ओळीत, म्हणजे स्वतःचंच गिऱ्हाईक वाटून घेतलं. मी म्हटलं, मामा, जरा लांब तरी द्यायचा. तर म्हणाले, लांब कशाला, त्याला काही अडलं तर विचारायला यावं लागेल की. स्वतःच्या मुलांना त्यांनी दुकानात ओढलं नाही. मुलगी नर्स झाली, मुलगा पुण्यात कंपनीत आहे. मामांना त्याचं वाईट वाटलं का, ते मला माहीत नाही. २०१९ च्या सुमाराला हात कापू लागला आणि तार खाचेत नीट बसेना, त्या आठवड्यात त्यांनी किल्ली सर्वांत जुन्या मदतनिसाच्या हाती दिली. तो अकरा वर्षांचा असताना बापाबरोबर मोटर घेऊन आला होता, तेव्हापासून तिथेच.

दुकान आता तो चालवतो. धंदा बदललाय. सौर पंप आलेत, नव्या मोटरी स्वस्त आहेत, जुनी भरून घेण्यापेक्षा नवी बसवणारे वाढलेत. तरी रोज दोन-तीन येतात. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ पाच हॉर्सपॉवरची फार जुनी मोटर घेऊन बसले होते. पत्रा गंजून गेलेला, कंपनीचं नाव दिसत नाही, आणि आतली तार कुणीतरी आधीच उपसून टाकलेली. म्हणजे आटे किती, गेज कुठलं, काहीच कळायला मार्ग नाही. पोराने त्यांना विचारलं, ही पूर्वी कधी इथे भरली होती का? म्हणाले, माझ्या थोरल्याच्या लग्नाच्या वर्षी. त्याने माळ्यावरून मामांच्या वह्यांचा गठ्ठा काढला. लग्नाचं साल लावलं, १९९१. मार्च, एप्रिल, मे. मामांचं अक्षर फौजी, ठळक, ओळीला ओळ. गाव, नाव, पाच एचपी, ३६ खाचा, आटे, गेज, जुन्या तांब्याचं वजन, आणि शेवटी ‘रक्कम पोचली’. पोराने फर्मा उतरवला आणि तार गुंडाळायला घेतली. म्हाताऱ्यांना म्हणाला, दुपारी चारला या.